मन नदीकाठचे मिर्झाराजे

अकोल्याहून खामगावच्या रस्त्याला लागलात की पाऊण तासाच्या आत बाळापूर येतं. गावात शिरताना पहिल्यांदा नजरेत भरतो तो किल्ला. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या बेचक्यात, उंचवट्यावर, विटांचे थोराड बुरूज. पावसाळ्यात दोन्ही नद्या फुगल्या की एक बाजू सोडली तर किल्ल्याला पाण्याचाच वेढा पडतो. एकात एक असे तीन दरवाजे ओलांडून तुम्ही आत जाता, तेव्हा हातात सातबाराचा कागद घेतलेली माणसं उलट दिशेने बाहेर येताना भेटतात, कारण आत सरकारी कचेऱ्या भरत आल्या आहेत. किल्ल्याच्या पायथ्याशी बाळादेवीचं देऊळ आहे. गावाला नाव मिळालं ते तिच्यावरून. तिला हात जोडा आणि गावाच्या दक्षिणेला नदीकडे चालू लागा. आपल्याला भेटायचंय तो माणूस तिकडे आहे.

छत्री लांबूनच दिसते. काळ्या दगडाचं उंच जोतं, त्यावर खांब, खांबांमधून महिरपी कमानी, वर घुमट. सुमारे 25 फूट चौरस, उंची 33 फुटांच्या आसपास. चारही बाजूंनी उघडी. वऱ्हाडात एवढा राजपूत बाज दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतो. दगडाची घडाई जवळून पाहा: खांबाच्या तळाशी चौरस, वर जाताना पैलू, आणि कमानीच्या प्रत्येक पाकळीची कड बोटाला आजही लागते. बाजूला शेळ्या चारणारा एखादा म्हातारबा असतो. तो विचारतो, "छत्री पाह्याले आले काय, भाऊ?" तुम्ही हो म्हणता. "बसा मंग. हवा लय मस्त येते इथं." कोणाची छत्री म्हणून तुम्ही विचारलंत, तर तो सांगतो, "जयसिंग राजाची म्हणतात ना. शिवाजी महाराजाच्या टायमाची."

त्याने दोन वाक्यांत सगळं सांगितलं आहे. पुरंदरच्या पायथ्याशी महाराजांकडून 23 किल्ले लिहून घेणारा मोगल सेनापती मिर्झाराजा जयसिंग, त्याच्या नावाची ही वास्तू, आणि ती उभी आहे आपल्या वऱ्हाडात. त्याची समाधी इथे नाही. तो वारला बुऱ्हाणपूरला, आणि तिथेही त्याच्या नावाची एक छत्री आहे. बाळापूरची ही छत्री त्याने मुक्कामात बांधली असं परंपरा सांगते.

खांबाला पाठ टेकून बसा. उन्हात तापलेला दगड सदऱ्यातून पाठीला लागेल. आता मागे जायचं.

आधी महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज थांबतो. मग विजेचे खांब जातात. एका मोठ्या पुराने छत्रीच्या पायाला धक्का बसला होता आणि इंग्रजी अमदानीत तिची दुरुस्ती झाली. ती दुरुस्तीही पुसली जाते. नदीकाठच्या कागदवाल्यांचे हौद भरलेले दिसू लागतात, कारण बाळापूरचा हातकागद एकेकाळी नावाजलेला होता, तसंच इथलं सुती कापडही. उत्तरेकडे पाहा: किल्ला अजून आहे, पण त्याच्यावर परांच्या बांधलेल्या आहेत. साल 1757. आझमशहाच्या नावाने सांगितला जाणारा हा किल्ला एलिचपूरचा नवाब इस्माईलखान पुरा करतो आहे. भट्टीतून निघालेल्या विटांचे ढीग, चुन्याच्या घाण्या, बैलांच्या रांगा. अजून मागे गेलात की बुरूज वीट वीट उतरत खाली येतात आणि नाहीसे होतात.

ऑगस्ट 1720 मध्ये थोडं थबका. आसपासच्या काळ्या चिखलात दोन फौजा भिडल्या आहेत. एका बाजूला निजामुल्मुल्क, दुसऱ्या बाजूला सय्यद बंधूंचा कोवळा पुतण्या आलमअलीखान, आणि त्याच्या मदतीला मराठ्यांची फौज. 10 तारखेला आलमअली पडतो. दख्खन निजामाच्या हाती जाते आणि पुढची सव्वादोनशे वर्षं हैदराबादच्या नावाने जो इतिहास चालतो त्याचा एक पाया इथे घातला जातो. लढाई मोठी होती, तिच्यावर स्वतंत्र लिहायला हवं. आज पुढे चला.

छत्रीच नाहीशी होईपर्यंत मागे जा, म्हणजे हे गाव कोणासाठी महत्त्वाचं होतं ते कळेल. साल 1616. तुम्ही उघड्या नदीकाठावर बसला आहात आणि समोर क्षितिजापर्यंत तंबू आहेत. त्याच्याही वीस वर्षं आधी अकबराचा मुलगा मुराद वऱ्हाडात आला, त्याने बाळापूरजवळ शहापूर वसवलं, तिथे वाडा बांधला. तेव्हापासून मोगलांची दख्खनची छावणी म्हणजे बाळापूर. उत्तरेला बुऱ्हाणपूर, दक्षिणेला अहमदनगर आणि निजामशाहीच्या मलिक अंबरची खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद. मधे ही काळी कसदार जमीन, घोड्यांना कडबा, माणसांना ज्वारी, आणि दोन नद्यांचं पाणी. फौज पोसायला याहून सोयीची जागा नव्हती. खानखानान अब्दुर्रहीमचा मुलगा शाहनवाजखान इथे तळ देऊन आहे. मलिक अंबरवर रुसलेले सरदार त्याला येऊन मिळतात. तो इथून कूच करतो, रोशनगावजवळ अंबरचा पराभव करतो आणि खडकीची धूळधाण करतो. सरदार येतात, हरतात, पुन्हा याच काठावर परत येऊन तंबू ठोकतात. आणि बाळापूरचा कुणबी दर वेळी पुढच्या फौजेसाठी कडबा रचून ठेवतो.

आता तिथून 49 वर्षं पुढे या. पण बाळापूर सोडा. छत्रीच्या धन्याला पाहायचं तर त्याच्या सर्वांत मोठ्या दिवशी पाहायला हवं, आणि तो दिवस पुरंदरच्या पायथ्याशी उगवला.

11 जून 1665. सकाळ. सासवडजवळच्या माळावर तुम्ही उभे आहात आणि पायाखालची माती पावसाची वाट पाहते आहे. अडीच महिने वेढा चालू आहे. वर वज्रगड 14 एप्रिललाच पडला. तो पाडायला तीन तोफा डोंगरावर चढवाव्या लागल्या: अब्दुल्लाखान, फत्ते-लष्कर आणि हाहेली अशी त्यांची नावं. एकेक तोफ वर न्यायला तीन-साडेतीन दिवस लागले. त्या दिवसांत तुम्ही दोराला हात लावला असतात तर तळव्याची साल निघाली असती. शेकडो माणसं आणि बैल एकाच आवाजात ओढताहेत, मधेच चाक घसरतं, दगड लावतात, पुन्हा ओढतात. पुरंदरचा किल्लेदार मुरारबाजी देशपांडे पडला आहे. त्याचं नाव मोगल सरदार दिलेरखानाच्या पठाणांच्या तोंडातही आदराने येतं. किल्ल्यातली माणसं तरीही हटलेली नाहीत.

मिर्झाराजांच्या शामियान्याच्या दाराशी उभे राहा. आत बसलेला माणूस चोपन्न वर्षांचा होत आला आहे. दहाव्या वर्षी आमेरच्या गादीवर आला, तेव्हापासून तो मोगलांच्या लढाया लढतो आहे: कंदहार, बल्ख, आणि शहाजहानच्या मुलांच्या भाऊबंदकीत बंगालचा शाहशुजा. 'मिर्झाराजा' हा किताब शहाजहानने दिलेला. फारसी, तुर्की, उर्दू आणि स्वतःची राजस्थानी, इतक्या भाषा याला येतात. हिंदी कवी बिहारीलाल याच्याच पदरी होता. तलवारीइतकाच हा माणूस कागदावर विश्वास ठेवतो. दख्खनेत पाऊल टाकल्यापासून त्याने विजापूरला, जंजिऱ्याच्या सिद्दीला, पोर्तुगीजांना, कोकणातल्या लहानमोठ्या राजांना पत्रं लिहिली, जेणेकरून शिवाजीराजांना कोणी आसरा देऊ नये. ती पत्रं त्याचा मुनशी उदयराज लिहून घेतो. पुढे त्यांचा संग्रह 'हफ्त अंजुमन' या नावाने झाला आणि आज आपल्याला मिर्झाराजा जो काही आतून दिसतो, तो त्याच पानांतून.

पालखी येते. बरोबर थोडे ब्राह्मण, हत्यार नाही. उदयराज आणि उग्रसेन कछवाहा यांना वाटेवर सामोरं पाठवलं होतं. पालखीतून उतरणारे महाराज पस्तीस वर्षांचे आहेत. आत गेल्यावर राजा उठतो, आलिंगन देतो, शेजारी बसवतो. आजूबाजूला हत्यारबंद राजपूत उभे आहेत, कारण अफझलखानाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्याच वेळी शामियान्याच्या कनातीतून पुरंदरचा डोंगर दिसतो आणि त्यावर चाललेला हल्लाही दिसतो. तो दिसावा अशाच बेताने त्या दिवशी हल्ला चढवलेला आहे. तुम्ही महाराजांच्या चेहऱ्याकडे पाहता. वर मरणारी माणसं त्यांची आहेत.

या क्षणाबद्दल मराठी माणसाच्या मनात कायम एक सल राहिली आहे आणि ती मलाही आहे. पण शामियान्यात उभं राहून पाहिलं की कळतं, की दोघेही काय करताहेत ते दोघांनाही ठाऊक आहे. महाराजांना आपली माणसं जगवायची आहेत. मिर्झाराजाला युद्ध लांबवायचं नाही, कारण त्याला विजापूर घ्यायचंय आणि पाठीशी शत्रू नको आहे. बोलणी मध्यरात्रीपर्यंत चालतात. दुसऱ्या दिवशी पुरंदरमधून सुमारे सात हजार माणसं बाहेर पडतात, त्यात चार हजार लढवय्ये. तह ठरतो: चार लाख होनांच्या मुलखासह 23 किल्ले मोगलांना, एक लाख होनांचा मुलूख आणि राजगडासह 12 किल्ले महाराजांकडे, आणि शंभूराजांना पाच हजारांची मनसब.

त्या मुक्कामात एक व्हेनिसचा तरुण तोफखान्यात आहे, निकोलाव मनुची नावाचा. रात्री तो मिर्झाराजांबरोबर पत्ते खेळायला बसतो. एकदा डाव रंगात आला असता महाराज आत येतात, सगळे उठून उभे राहतात, आणि महाराज विचारतात, हा कुठल्या देशचा राजा? मिर्झाराजा सांगतो, हा फिरंग्यांचा राजा. मनुचीने हे स्वतःच लिहून ठेवलं आहे. युद्धाच्या ऐन काळात, समईच्या उजेडात, इतकं माणसांसारखं काही घडलेलं वाचलं की मला त्या तिघांविषयीही ओढ वाटते.

इथून पुढे मिर्झाराजाचा उतार सुरू होतो. वेगाने चला. नोव्हेंबर 1665 मध्ये तो विजापूरवर निघतो, बरोबर चाळीस हजारांची फौज, शिवाय महाराजांची माणसं आणि नेताजी पालकर. डिसेंबरच्या शेवटी विजापूर अवघ्या पाच-सहा कोसांवर राहिलेलं असताना फौज थांबते. आदिलशहाने आसपासची तळी फोडून रिकामी केली आहेत, विहिरी नासवल्या आहेत. वेढ्याच्या थोरल्या तोफा मागेच राहिल्या आहेत. तहानलेल्या घोड्यांच्या रांगेतून तुम्ही चालता आणि कोणी तुमच्याकडे वर मान करून पाहत नाही. जानेवारीच्या सुरुवातीला माघार. पाठोपाठ पन्हाळ्यावरचा हल्ला फसतो आणि नेताजी विजापूरकरांना मिळतो. मे महिन्यात महाराज आग्र्याला, 12 तारखेला दरबार, आणि 17 ऑगस्ट 1666 ला पहारे चुकवून पसार. आग्र्यात महाराजांची जबाबदारी मिर्झाराजाचा मुलगा रामसिंग याच्यावर होती. त्याची मनसब काढून घेतली जाते.

आता औरंगाबादेला थांबा. 1666 च्या अखेरीचे दिवस. हवेलीच्या एका दालनात उदयराज मांडी घालून बसला आहे, गुडघ्यावर तक्ता, लेखणी दौतीत बुडते आणि थांबते. मिर्झाराजा येरझाऱ्या घालत सांगतो आहे. कान देऊन ऐका, कारण हा भाग या माणसाचं स्मारक करताना कोणी गाळू नये असं मला मनापासून वाटतं. वजीर जाफरखानाला तो कळवतो, की शिवाजीला परत ताब्यात आणण्यासाठी आपण वाटेल ते करायला तयार आहोत. आपल्या मुलासाठी शिवाजीच्या मुलीला मागणी घालतो, सोयरीक जमवायच्या निमित्ताने त्याला बोलावतो, आणि तो येताना किंवा जाताना त्याचा काटा काढतो. लेखणी हे सगळं लिहिते. ज्याने दीड वर्षापूर्वी शेजारी बसवून शब्द दिला, आणि आग्र्यात ज्याच्या मुलाने जामीन राहून तो शब्द सांभाळला, त्याच माणसाच्या तोंडून हे निघतं आहे. बादशहाची नाराजी दूर व्हावी म्हणून एवढा मोठा सेनापती एवढा खाली आला, हे वाचताना अंगावर काटा येतो. म्हातारपण, हरलेली मोहीम, संकटात सापडलेला मुलगा, आणि दिल्लीहून येणारं प्रत्येक पत्र आधीच्यापेक्षा थंड. विजापूरच्या मोहिमेत त्याने पदरचे सुमारे एक कोटी रुपये घातले होते. त्यातला एक रुपयाही बादशहाने परत केला नाही.

बेत अमलात आला नाही. मे 1667 मध्ये शहजादा मुअज्जम औरंगाबादेला येतो आणि मिर्झाराजा सुभेदारी त्याच्या हाती सोपवून उत्तरेच्या वाटेला लागतो. तुम्ही त्या तांड्याबरोबर चाला. हत्ती कमी आहेत, उंट कमी आहेत. घाट उतरताना पालखीचे पडदे बंद. वाटेतल्या गावांत आधी हरकारा पोहोचायचा, पाटील-कुलकर्णी वेशीवर हात जोडून उभे राहायचे. आता नवा सुभेदार आला आहे हे गावांनाही कळलं आहे. त्या पावसाळ्यात तापीकाठी बुऱ्हाणपूरला मिर्झाराजा मरतो. वय छप्पन्न. आमेर अजून कितीतरी मजला दूर आहे.

आता परत बाळापूरला या, त्याच छत्रीपाशी. साल 1668. आणि इथे जे दिसतं, ते पाहण्यासाठीच मी तुम्हाला एवढं फिरवलं.

महाराजांनी मोगलांशी पुन्हा तह केला आहे. शंभूराजांची मनसब कायम झाली आहे आणि तिच्यापोटी वऱ्हाडातले बाळापूर आणि अवंढे हे परगणे त्यांना जहागीर म्हणून मिळाले आहेत. प्रतापराव गुजर आणि निराजी रावजी मराठ्यांचं घोडदळ घेऊन औरंगाबादेला शहजाद्याच्या चाकरीत आहेत आणि वऱ्हाडात मराठ्यांचे कारकून वसुलीला आले आहेत. नदीकाठी घोंगडी अंथरून एक जण बसला आहे. पुढ्यात मोडी अक्षरातला रुमाल, बाजूला दौत. त्याची बोली घाटावरची. समोर उकिडवा बसलेला पाटील वऱ्हाडी बोलतो. "यंदा पाऊस कमी झाला बावा," पाटील म्हणतो, "ज्वारी हाताले लागली नाही." कारकून मान हलवतो, दोन आकडे खोडतो, पुन्हा लिहितो. आजवर या काठाने फौजाच पाहिल्या: मुरादच्या, शाहनवाजच्या, जयसिंगाच्या. आता पहिल्यांदा पुण्याकडची माणसं हातात वही घेऊन इथे पीकपाण्याची चौकशी करताहेत. तुम्ही त्या कारकुनाच्या खांद्यावरून डोकावता. रुमालावर शंभूराजांच्या नावे जमा लिहिली जाते आहे. शंभूराजे तेव्हा अकरा वर्षांचे आहेत.

पुरंदरच्या तहात जयसिंगाने पाच हजारांच्या मनसबीचं जे कलम घातलं होतं, त्याची मुळं वऱ्हाडच्या या काळ्या मातीत येऊन रुजली. त्याला हे असं घडेल असं वाटलं नसणार. पण त्याच्या तहातून मराठ्यांना वऱ्हाडची वाट, इथली गावं, इथली पिकं, इथल्या पेठा कळल्या, हे मात्र खरं.

ही व्यवस्था फार टिकली नाही. 1669 च्या अखेरीस बिनसलं. प्रतापराव औरंगाबादेहून निघून गेले आणि आग्र्याच्या प्रवासासाठी महाराजांना दिलेल्या एक लाख रुपयांच्या वसुलीसाठी बादशहाने वऱ्हाडची जहागीर जप्त केली. मग 1670 उजाडलं. फेब्रुवारीत सिंहगड, 8 मार्चला पुरंदर. मिर्झाराजाने तीन-साडेतीन दिवस दोर ओढून वर चढवलेल्या तोफांनी जे मिळवलं, ते पाच वर्षांच्या आत गेलं. त्याच डिसेंबरात मराठ्यांचं घोडदळ वऱ्हाडात कारंज्याला पोहोचलं. कारंजा तेव्हा श्रीमंत पेठ. तिथून चार हजार बैल आणि गाढवांवर लादून सोनं, चांदी, उंची कापड नेलं, एक कोटीच्या घरातला ऐवज. दोन वर्षांपूर्वी जी वाट वहीच्या कामासाठी माहीत झाली होती, तिनेच.

आता डोळे उघडा. म्हातारबाच्या शेळ्या जोत्यावर चढल्या आहेत, तो त्यांना हाकारतो आहे.

इथे बसलं की मला दूरचं एक ठिकाण आठवतं. कर्नाटकात मडिकेरीला जनरल थिमय्यांचं घर आहे, 'सनी साइड' नावाचं. 1948 मध्ये काश्मीरच्या युद्धात साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजीला खिंडीत रणगाडे चढवणारा तो सेनापती. त्याचं कौलारू घर दुरुस्त करून तिथे 2021 मध्ये संग्रहालय उघडलं. आत त्याचा गणवेश, पत्रं, फोटो, युद्धाचे नकाशे. शाळेची मुलं तिथे येतात, खोल्यांमधून फिरतात आणि एका माणसाच्या आयुष्याला चिकटलेलं सगळं युद्ध समजून घेतात. बाळापूरला आपल्याकडे घर नाही, पण मिर्झाराजाच्या नावाची ही बांधलेली जागा आहे, जिथे बसून आपण आत्ता एवढं फिरून आलो. गावातल्या एखाद्या जुन्या वाड्याची एक खोली किंवा किल्ल्याचं एक दालन मोकळं केलं, तर छत्रीवरून येणाऱ्या माणसाला पुढे जायला ठिकाण होईल.

त्या खोलीत काय असावं हे मला स्वच्छ दिसतं. दारापाशी शाहनवाजखानाच्या छावणीचा आणि निजामाच्या लढाईचा नकाशा, म्हणजे दोन नद्यांच्या मधलं हे गाव फौजांना का हवं होतं ते कळेल. मधल्या भिंतीवर पुरंदरच्या किल्ल्याचं चित्र आणि त्या तीन तोफांची नावं. मुरारबाजीचं नाव त्यांच्या वर. एका काचेखाली 'हफ्त अंजुमन'मधल्या दोन पत्रांची मराठी भाषांतरं शेजारी शेजारी: पुरंदरच्या भेटीचं एक आणि सोयरिकीच्या कपटाचं दुसरं. दोन्ही मिर्झाराजाचीच आहेत, दोन्ही वाचायला मिळावीत. बाजूला मोडी कागदाचा एक नमुना, बाळापूरच्या हातकागदाची आठवण म्हणून, ज्यावर शाळेतल्या पोरांना बोरूने आपलं नाव मोडीत लिहून पाहता येईल. वऱ्हाडातल्या मुलांना आपल्या गावाचा शंभूराजांच्या जहागिरीशी संबंध होता हे पुस्तकात मिळत नाही. ते इथे मिळावं. आणि शेवटच्या फळ्यावर 23 किल्ल्यांची यादी, प्रत्येकापुढे तो कधी दिला आणि कधी परत घेतला त्या दोन तारखा.